फास्टॅग काचेवर कुठे आणि कसा लावायचा, आणि नाक्यावर वाचला नाही तर दोष कुठे शोधायचा

सायनकर

मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर (दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी) हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे. त्यामुळे शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीचा फास्टॅग महिनोन्‌महिने कुठेच वाचला जात नाही. तो नीट चिकटलाय का, खातं चालू आहे का, हे कळतं ते थेट वांद्रे-वरळी सी-लिंकवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या खालापूर नाक्यावर, मागे रांग लागलेली असताना. १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या अखत्यारीतल्या टोलनाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झाला आहे आणि टॅग नसेल तर दुप्पट टोल द्यावा लागतो. सी-लिंकवर मोटारीला एका वेळचे १०० रुपये आहेत, अटल सेतूवर २५०, द्रुतगती मार्गावर ३२०. दुप्पट करून पाहा म्हणजे हा धागा कशासाठी ते लक्षात येईल.

टॅगमध्ये बॅटरी नाही आणि पैसेही नाहीत. आत धातूची पातळ अँटेना असते आणि तिळाहून लहान चिप. लेनच्या वर बसवलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो, त्याच लहरींच्या जोरावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पैसे कापले जातात ते बँकेतल्या खात्यातून. म्हणजे टॅग हा काचेला चिकटवलेला रेडिओ आहे, आणि रेडिओची जागा चुकली की तो ऐकत नाही.

लावायला लागतं ते एवढंच: दोन सुकी मायक्रोफायबर फडकी, केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगारी वापरतात ती मास्किंग टेप आणि एक जुनं एटीएम कार्ड.

आधी टॅगच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, बारकोडखालचा क्रमांक स्पष्ट वाचता येईल असे. पुढे बँकेशी बोलताना तोच लागतो, आणि टॅग लावल्यावर आरशामागे मान घालून तो वाचणं कठीण जातं. जागा म्हणजे काचेच्या आतल्या बाजूने, वरती मध्यभागी, आतल्या आरशाच्या मागे. काचेच्या कडेला काळी पट्टी आणि तिच्याखाली काळे ठिपके असतात, ते संपल्यावर जी स्वच्छ काच सुरू होते तिथे. बाहेरून टेपचे दोन तुकडे लावून जागा आखा, चालकाच्या सीटवर बसून रस्ता झाकला जात नाही ना ते बघा, मगच कागद सोला.

कागद एकदम सगळा काढू नका. एका कडेचा बोटभर भाग सोलून मागे दुमडा, ती कड टेपच्या खुणेला लावून दाबा, मग उरलेला कागद हळूहळू ओढत कार्डाने एका बाजूकडून दुसरीकडे दाबत जा. शेवटी मध्यापासून कडांकडे अंगठ्याने अर्धा मिनिट जोर द्या. टॅग आडवाच लावा.

आणि सर्वात महत्त्वाचं: वाकडा लागला तरी उचलू नका. टॅग मुद्दाम असा बनवलेला असतो की सोलला की आतली अँटेना फाटते. एका गाडीचा काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून ही सोय आहे. वाकडा टॅग चालतो, उचललेला चालत नाही.

जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तर दुरुस्त करावी.

काचकाम_दादर

सायनकर, पद्धत बरोबर आहे. काच साफ करण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण निघून आलेल्या टॅगांचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

पुढच्या काचेवर आतून कायम एक तेलकट थर असतो. डॅशबोर्डला लावलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन आणि नव्या गाडीच्या प्लास्टिकमधून उडणारी वाफ उन्हात काचेवर जाऊन बसते. बाजारातल्या काचेच्या स्प्रेने काच चकचकीत दिसते, पण काही स्प्रेंमध्ये चमक आणणारे घटक असतात आणि ते मागे राहतात. सिलिकॉनवर गोंद धरत नाही. म्हणून टॅगच्या जागेवर स्प्रे मारू नका. फडक्यावर अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसा, फडक्याची दुसरी बाजू घेऊन पुन्हा पुसा, मग सुक्या फडक्याने. बोटाने घासल्यावर काच करकरली की ती तयार. त्यानंतर त्या जागेला हात लावू नका.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. ओले कपडे, ओले पायपुसणे, बंद काचा, यामुळे काचेच्या आत डोळ्यांना न दिसणारं दमट धुकं धरतं. एसीची हवा काचेवर सोडून धुकं घालवलं आणि लगेच टॅग लावला, तर थंड काचेवर गोंद पटकन पसरत नाही. गाडी छपराखाली उभी करा, दारं उघडून काच बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, मग लावा. भर दुपारी उन्हात तापलेल्या काचेवरही नको, कारण अल्कोहोल पुसायच्या आत उडून जातं आणि मळ तिथेच राहतो.

लावल्यावर एक दिवस त्या भागाला पाणी, स्प्रे, फडकं काही लावू नका. दाबाने धरणारा गोंद लगेच चिकटल्यासारखा वाटतो, पण पूर्ण पकड यायला तेवढा वेळ जातो.

काळ्या ठिपक्यांचं कारणही सांगतो. ते काचेवर भाजलेलं सिरॅमिक रंगाचं काम असतं. हात फिरवला तर खरखरीत लागतं. त्यावर टॅग ठेवला तर गोंद फक्त ठिपक्यांच्या माथ्यांवर टेकतो, मध्ये हवा राहते, आणि दोन उन्हाळ्यांत कोपरे उचलले जातात.

लहरी

रेडिओच्या बाजूने थोडं.

टॅगची अँटेना काचेला चिकटलेली असेल असं धरूनच तिची लांबी ठरवलेली असते. काच जवळ असण्याने अँटेनाचं ट्यूनिंग बदलतं आणि तो बदल आराखड्यातच धरलेला असतो. म्हणून टॅग हातात धरून दाखवला, डॅशबोर्डवर टाकला किंवा सेलोटेपने काचेपासून सुटा टांगला, तर तोच टॅग कमी अंतरावरून वाचला जातो. शिवाय डॅशबोर्डवर तो जवळजवळ आडवा पडलेला असतो आणि खाली धातूचे भाग असतात. धातू लहरी परतवतो आणि अँटेनाचं ट्यूनिंग आणखी बिघडवतो.

याच कारणाने टॅग छताच्या धातूच्या कडेला अगदी खेटून लावू नये. चार बोटं अंतर ठेवा. आरशाच्या बुडाशी धातूची पट्टी असते, तिच्यापासूनही दोन बोटं दूर. डॅशकॅम लावला असेल तर त्याचा धारक आणि तार टॅगवरून जाऊ देऊ नका. टॅगच्या मागे आतल्या बाजूला काही लोक सूर्यप्रकाश अडवणारी चंदेरी जाळी लावतात. ती गाडी उभी असताना लावा, पण नाक्यावर जाण्याआधी काढा, कारण धातूचा मुलामा असलेली जाळी आणि रीडर यांच्यामध्ये टॅग सापडला की अँटेना पुन्हा धातूशेजारी येते.

आता मोठी गोष्ट. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा अतिपातळ थर असतो, किंवा धुकं घालवण्यासाठी बारीक तारा असतात. अशी काच लहरींना भिंतीसारखी अडवते. या गाड्यांत बहुधा आरशाजवळ एक छोटी खिडकी मुद्दाम बिनमुलाम्याची ठेवलेली असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत 'टोल टॅग' किंवा 'रेडिओ उपकरणे' या नावाखाली तिचं चित्र असतं. काचेकडे तिरकं बघितलं तर थर असलेला भाग किंचित जांभळा किंवा हिरवट दिसतो आणि खिडकी वेगळी दिसते. टॅग त्या खिडकीतच लावायचा, चार बोटांचा नियम तिथे गौण.

नंतर बसवून घेतलेल्या धातूयुक्त फिल्मलाही हेच लागू. टॅग फिल्मवर लावायचा नाही, फिल्मच्या मागे तर नाहीच.

मीरारोड_पूर्व

नव्या गाडीत आरशामागे कॅमेरा आहे, लेनमधून बाजूला गेलं की सूचना देणारा. तिथे मध्यभागी जागाच नाही. मग?

काचकाम_दादर

ताई/दादा, कॅमेऱ्यासमोर आणि पावसाच्या सेन्सरसमोर काहीही लावायचं नाही. काचेवर काळ्या पट्टीत कॅमेऱ्यासाठी जी स्वच्छ चौकट सोडलेली असते ती पूर्ण मोकळी ठेवा. तिच्या डाव्या हाताला, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूला, काळी पट्टी संपते तिथे टॅग लावा. चालकाच्या बाजूला लावला तर उंच माणसाच्या नजरेत येतो. वर राहू द्या, खाली डॅशबोर्डकडे आणू नका.

काचेच्या डाव्या कोपऱ्यात उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीसोबत मिळणारा होलोग्रामचा स्टिकर असतो, पेट्रोल आणि सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी. त्यावरही टॅग चढवू नका. तो स्टिकर क्रोमियमवर आधारित असतो, आणि धातू म्हटल्यावर वर लहरी यांनी सांगितलेलंच पुन्हा आलं.

परळ_भोईवाडा

सोसायटीच्या गेटसाठी दिलेला स्टिकर आणि फास्टॅग शेजारी शेजारी चालतात का? आणि आमच्या शेजारच्या सोसायटीत गेटवर फास्टॅगच वाचतात. तिथे पैसे कापले जाणार नाहीत ना?

लहरी

शेजारी चालतात, एकावर एक चालत नाहीत. सोसायटीच्या दुरून उघडणाऱ्या गेटांचे स्टिकर बहुधा याच लहरींच्या पट्ट्यातले असतात. दोन अँटेना एकमेकींना चिकटल्या की दोघींचं ट्यूनिंग हलतं. मध्ये हाताच्या पंजाएवढी जागा ठेवा. फास्टॅगला मधली जागा द्या आणि सोसायटीचा स्टिकर बाजूला न्या, कारण सोसायटीचा रीडर जवळ असतो आणि गाडी थांबलेली असते. त्याला चुकीची जागा परवडते, टोल लेनला नाही.

पैशांची काळजी नको. गेटवरचा रीडर टॅगचा क्रमांक फक्त वाचतो आणि आपल्या यादीशी ताडतो. पैसे कापायचे तर एनपीसीआयच्या (फास्टॅगचे व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) व्यवस्थेत नोंदलेला नाका किंवा पार्किंगचालक आणि त्याची बँक लागते. नुसता रीडर विकत घेऊन कोणाच्या खात्याला हात लावता येत नाही.

मोबाइलवर टॅग टेकवून तपासण्याचा प्रयत्न काही जण करतात. तो होणार नाही. मोबाइलचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालतं, फास्टॅग ८६५ च्या पुढे. मोबाइल काही दाखवत नाही म्हणून टॅग मेला असं समजू नका.

नाकाखाते

काच झाली, आता खात्याकडे येऊ. टॅग व्यवस्थित चिकटलेला असूनही फाटक न उघडण्याची कारणं इथे असतात.

नव्या गाडीला वितरकच टॅग लावून देतो. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला तो सक्तीचा आहे. त्या वेळी नंबर आलेला नसतो म्हणून टॅग चॅसिस क्रमांकावर दिला जातो. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर ९० दिवसांत तो टॅगमध्ये घालून घ्यायचा असतो. नाही घातला तर टॅग आधी रोखला जातो आणि आणखी ३० दिवसांनी काळ्या यादीत. बँकेच्या ॲपमध्ये आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो चढवून हे काम होतं. बँकेने टॅग लावलेल्या काचेचा फोटो मागितला तर असा काढा की पुढची नंबरप्लेट आणि काचेवरचा टॅग एकाच चौकटीत येतील. गाडीसमोर थोडं उजवीकडे उभं राहा, म्हणजे काचेवरची चकाकी टॅगवर येत नाही.

मुंबईत जुन्या गाड्यांची खरेदीविक्री मोठी आहे, त्यामुळे पुढची अडचण वारंवार येते. गाडी विकली पण टॅग बंद केला नाही, तर नव्या मालकाचा टोल जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतो. उलट बाजूने, नव्या मालकाने दुसरा टॅग घेतला की 'एक वाहन, एक फास्टॅग' या नियमात तो अडकतो. एका गाडीवर एकच टॅग चालू राहतो. विक्रीच्या दिवशीच विकणाऱ्याने बँकेला सांगून टॅग बंद करावा, म्हणजे शिल्लक आणि मोटारीसाठी बहुधा २०० रुपयांची असते ती अनामतही परत मिळते. घेणाऱ्याने जुना टॅग काचेवरून काढून टाकावा. बंद टॅग काचेवर राहिला तर रीडर दोन्ही वाचतो आणि लेनचा संगणक कधी कधी नेमका बंद असलेला उचलतो.

पेटीएम पेमेंट्स बँकेचे जुने टॅग अजून काही गाड्यांवर दिसतात. त्यांत १५ मार्च २०२४ नंतर पैसे भरता येत नाहीत. शिल्लक असेपर्यंत वापरण्याची मुभा होती, पण आता नवा टॅग घेणंच बरं.

आणि ६० व १० मिनिटांचा नियम. हा लोकांना चुकीचा माहीत असतो. १७ फेब्रुवारी २०२५ पासून, टॅग नाक्यावर वाचला जाण्याच्या ६० मिनिटांहून आधीपासून काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही तसाच राहिला, तर व्यवहार नाकारला जातो. म्हणजे रांगेत उभं राहून पैसे भरले की झालं, यावर विसंबू नका. निघण्याच्या आदल्या रात्री एनपीसीआयच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून टॅगची स्थिती बघा. तिथे टॅग कोणत्या बँकेचा, चालू की बंद, हे दिसतं. बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघून समाधान मानू नका. शिल्लक असूनही टॅग काळ्या यादीत असू शकतो.

डोंबिवली_पश्चिम

वार्षिक पास काढलेला असेल तर शिल्लक ठेवायची गरज आहे का?

पडघा_घोटी

हो, आहे. पास राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबईहून निघाल्यावर कुठे काय, ते असं: अहमदाबादकडे खानिवडे आणि चारोटी, नाशिककडे पडघा आणि घोटी, पुण्यापुढे साताऱ्याकडे खेड शिवापूर आणि आनेवाडी, इथे पास लागू. सी-लिंक, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्याच्या यंत्रणांकडे आहेत, तिथे पास लागू नाही, साध्या खात्यातूनच पैसे जातात. पुण्याला द्रुतगतीने जाऊन येऊन ६४० रुपये होतात, तेवढे तरी खात्यात हवेत.

पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फेरी म्हणजे नाका ओलांडणं. नाशिकला जाऊन आलात तर पडघा दोनदा आणि घोटी दोनदा, चार फेऱ्या गेल्या. ज्या मार्गावर प्रवेश आणि निर्गम दोन्ही नोंदवले जातात तिथे मात्र दोन्ही मिळून एक.

पास फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅनला. पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही. टॅग चॅसिस क्रमांकावर असेल तर पास मिळत नाही, आधी वर नाकाखाते यांनी सांगितलेली दुरुस्ती करून घ्या. राजमार्गयात्रा ॲपवर किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच घ्या. नवा टॅग लागत नाही, आहे त्याच टॅगवर पास चढतो. टॅग काचेला चिकटलेला असणं ही त्याचीही अट आहे.

परळ_भोईवाडा

काचेला लावायचा नसेल, म्हणजे काच खराब होते म्हणून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून आरशाला अडकवला तर? अनेक टॅक्सीत बघितलंय.

नाकाखाते

असं करू नका. राष्ट्रीय महामार्गांवर जुलै २०२४ पासून सुटा टॅग दाखवणाऱ्याकडून दुप्पट टोल घेण्याच्या सूचना आहेत, आणि जुलै २०२५ पासून असे टॅग लगेच कळवून काळ्या यादीत टाकण्याचं धोरण आहे. एकदा यादीत गेला की बाहेर काढायला बँकेकडे फोटो आणि कागद द्यावे लागतात. काचेचं काहीच बिघडत नाही, टॅग नंतर काढता येतो.

सुट्या टॅगमुळे दुसऱ्याचंही नुकसान होतं. लेनमध्ये कर्मचारी हातातला रीडर घेऊन येतो, मागची गाडी पुढे सरकते, तिचा टॅग आधी वाचला जातो आणि पैसे तिचे कापले जातात. म्हणून आपणही पुढच्या गाडीपासून निदान एका गाडीचं अंतर ठेवूनच लेनमध्ये शिरावं.

लहरी

आता धाग्याच्या शीर्षकातला दुसरा भाग. नाक्यावर वाचला नाही, तर दोष कुठे? लेनमध्ये उभं असतानाच हे ओळखता येतं, फक्त काय झालं ते नीट बघावं लागतं.

आधी केबिनमधल्या माणसाला विचारा, पडद्यावर तुमचा गाडी क्रमांक आला का. क्रमांक येऊन खाली 'काळी यादी' किंवा 'शिल्लक अपुरी' असं आलं असेल, तर टॅग, काच, जागा सगळं ठीक आहे, दोष खात्यात आहे. काचेला हात लावू नका. घरी जाऊन टॅग सोलून नवा लावणं हा इथे होणारा हमखास चुकीचा उपाय.

पडद्यावर काहीच आलं नाही, पण कर्मचाऱ्याने हातातला रीडर काचेजवळ आणल्यावर लगेच वाचला गेला, तर चिप जिवंत आहे आणि अँटेनापर्यंत लहरी पुरेशा पोचत नाहीत. कारण जागा, फिल्म, धातूचा थर, शेजारचा स्टिकर किंवा उचललेला कोपरा यांपैकी एक. कोपरा उचललेला असेल तर आत हवा शिरते आणि अँटेना वाकते. नव्या सेलोटेपने तो दाबून काही आठवडे निघतात, पण नवा टॅग मागवून ठेवा.

हातातल्या रीडरनेही एक वीत अंतरावरून वाचला नाही, तर टॅग गेला. अँटेनाला चीर गेली असेल किंवा चिपचा जोड सुटला असेल. मुंबईत उघड्यावर, रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांत उन्हाने कागदाचे थर सुटतात, त्यात हे होतं.

चौथी शक्यता नाक्याची. एकाच नाक्यावर, एकाच लेनमध्ये त्रास होतो आणि इतरत्र फाटक लगेच उघडतं, तर तिथला रीडर किंवा त्याचा कोन चुकलेला आहे. मागच्यापुढच्या गाड्यांनाही हातातला रीडर लावावा लागतोय का, तेवढं बघितलं तरी पुरतं.

पडघा_घोटी

चौथ्या शक्यतेत एक हक्क आहे, तो लोक मागत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर नाक्याचं यंत्रच बिघडलेलं असेल, तुमचा टॅग चालू असेल आणि खात्यात पुरेसे पैसे असतील, तर २०१८ मधल्या शुल्क नियमांच्या दुरुस्तीनुसार पैसे न देता जाऊ द्यायचं असतं आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. ती पावती मागून घ्या. नंतर खात्यातून पैसे कापले गेले तर तीच कामाला येते. तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. हे राष्ट्रीय महामार्गांचं, सी-लिंकवर हा नियम दाखवू नका.

टॅग चालूच नसेल तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने भरल्यास सव्वापट टोल; रोख दिल्यास तेव्हा दुप्पट ठरला होता. म्हणजे अडकलातच तर रोखीची नोट काढू नका, क्यूआर कोड मागा.

दोनदा पैसे गेले, किंवा गाडी घरी असताना गेले, तर टॅग देणाऱ्या बँकेकडेच तक्रार करायची. व्यवहार क्रमांक, नाक्याचं नाव, वेळ, आणि गाडी तिथे नव्हती याचा काही पुरावा (सोसायटीच्या गेटची नोंद, दुसऱ्या पार्किंगची पावती) जोडा.

मीरारोड_पूर्व

काच बदलायची आहे, दगड लागून तडा गेलाय. टॅग वाचवता येतो का?

काचकाम_दादर

नाही येत. काचेबरोबर तो गेला असं धरा. क्रम असा ठेवा: गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी जुन्या टॅगचा, तडा गेलेल्या काचेचा आणि नंबरप्लेटचा फोटो काढा. त्याच दिवशी बँकेच्या ॲपवर बदली टॅग मागवा, कारण म्हणून काच फुटली हे निवडा. खातं, शिल्लक, अनामत तेच राहतं, फक्त टॅगचा क्रमांक बदलतो. बदलीसाठी साधारण १०० रुपये पडतात.

नवी काच बसवल्यावर तिच्या कडेचा गोंद पूर्ण सुकायला वेळ लागतो. कारागीर सांगेल तेवढे तास गाडी हलवू नका, दारं आपटू नका. टॅग त्याच दिवशी लावायला हरकत नाही, फक्त वरच्या कडेला जोर देऊ नका. नव्या काचेवर कारखान्यातली पावडर किंवा चिकट कागदाचा अंश असतो, म्हणून इथे अल्कोहोलने तीनदा पुसा. आणि काच मूळची मुलाम्याची होती तर बदली काचही तशीच आहे का, की साधी आली, ते विचारून घ्या. बिनमुलाम्याची खिडकी कुठे आहे हे त्यावर ठरेल.

नवा टॅग हातात येईपर्यंत मोठा प्रवास टाळलेला बरा. काढलेल्या काचेवरचा टॅग कापून जवळ ठेवू नका, तो फाटलेलाच असतो आणि बदली टॅग चालू झाला की बंदही होतो.

डोंबिवली_पश्चिम

जुन्या मालकाचा टॅग काचेवर अजून आहे. ब्लेडने खरवडला तर चालेल का?

काचकाम_दादर

साध्या काचेवर ब्लेड चालतं, पण हात सरकला की कायमचा ओरखडा, आणि आतून फिल्म असेल तर ती कापली जाते. त्याऐवजी केस वाळवायचा ड्रायर मध्यम आचेवर धरा, काचेपासून वीतभर दूर, सतत हलवत, एक-दोन मिनिटं. एका जागी धरू नका आणि एसी चालू असताना तर अजिबात नको. एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम झालेली काच तडकते, विशेषतः आधीच बारीक टिचका असेल तर. कोपरा मऊ झाला की एटीएम कार्ड खाली सरकवत टॅग उचला. तो तुकड्यांनी निघतो, तेच अपेक्षित आहे.

मागे राहिलेल्या गोंदावर निलगिरीचं तेल फडक्याला लावून पाच मिनिटं धरा, मग चोळा. पेट्रोल आणि थिनर नको, थेंब डॅशबोर्डवर पडला की प्लास्टिक पांढरं पडतं. खाली जुना टॉवेल पसरून ठेवा. तेलाचा अंश शेवटी अल्कोहोलने दोनदा पुसून काढा, नाहीतर नवा टॅग त्याच जागेवर आठवडाभरात सुटेल.